प्रवासात बाजार बघायचा तर आधी वार बघा

परदेशी निघालेला माणूस संग्रहालय किती वाजता उघडतं ते बघून ठेवतो, पण बाजाराचा वार मात्र विचारत नाही. मग रविवारी इस्तंबूलला उतरतो आणि ग्रँड बझारच्या बंद दारांपुढे उभा राहतो. १५ व्या शतकात सुरू झालेला, सुमारे ४,००० दुकानांचा हा छताखालचा बाजार रविवारी बंद असतो. दहा-पंधरा मिनिटं चालून गेलं तर मसाल्यांचा मिसर चारशी रविवारीही उघडा मिळतो, पण हे आधी माहीत असावं लागतं.

जुने बाजार आणि एकाच मालकाची, दुसरी शाखा नसलेली दुकानं पाहण्यात खरा आनंद आहे, कारण तिथला माल, मांडणी आणि माणसं दुसऱ्या गावात तशीच सापडत नाहीत. मोठ्या दुकानाला गिऱ्हाईक कधीही चालतं, छोट्या दुकानाला मात्र स्वतःचा दिनक्रम असतो, आणि तो सांभाळून गेलात तरच भेट होते.

पहिली पायरी: वार, तारीख आणि आकडे

कागदावर तीन रकाने करा: बाजाराचं नाव, कोणत्या दिवशी भरतो, किती वाजता ऐन रंगात येतो. विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण हा कागद झाल्यावर करा. उलट केलंत तर बाजार हुकतो.

वाराने भरणारे बाजार सगळ्यांत सोपे. लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर इतर दिवशीही दुकानं उघडी असतात, पण जुन्या वस्तूंचा खरा बाजार शनिवारी. त्याच शहरातला बर्मंडसीचा बाजार शुक्रवारी, तोही सकाळी लवकर. माद्रिदचा एल रास्त्रो रविवारी आणि सणासुदीच्या सुट्टीला, ब्वेनोस आयरेसमधली सान तेल्मोची जत्रा रविवारी. ग्वातेमालातलं चिचिकास्तेनांगो गुरुवारी आणि रविवारी, इक्वादोरमधलं ओतावालो मुख्यतः शनिवारी. बँकॉकचा चतुचक शनिवार-रविवारचा. मधल्या वारी गेलात तर बहुतेक पडदे खाली ओढलेले दिसतील.

तारखेने भरणाऱ्या बाजारांत जास्त लोक चुकतात. क्योतोत तोजी देवळाच्या आवारातला बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूचा २५ तारखेला भरतो, वार कोणताही असो. मुक्काम २० ते २५ असा ठेवला तर दोन्ही मिळतात. महिनाभर जुने किमोनो, चिनीमातीची भांडी आणि हत्यारं जमवून ठेवणारे विक्रेते या दोन दिवशी पथारी मांडतात.

कोरियात पाच दिवसांच्या फेऱ्याचे बाजार अजून टिकून आहेत. तारखेचा शेवटचा आकडा तिथे महत्त्वाचा. जंगसनचा बाजार २ आणि ७ ने संपणाऱ्या तारखांना, म्हणजे २, ७, १२, १७, २२, २७ ला. सोंगनामचा मोरान बाजार ४ आणि ९ ने संपणाऱ्या तारखांना. अशा ठिकाणी नुसत्या वारावर विसंबून राहू नका.

यावर धर्माचं आणि ऋतूचं वेळापत्रक चढवा. मोरोक्कोतल्या फेजच्या जुन्या शहरात शुक्रवारी बरीच दुकानं बंद असतात, इतर अनेक मुस्लिमबहुल शहरांत दुपारच्या नमाजापुरती. रमजानमध्ये दिवसा शुकशुकाट आणि रात्री उशिरापर्यंत गर्दी. जेरुसलेमचा माहाने येहुदा बाजार शुक्रवारी दुपारनंतर मिटतो तो शनिवारी संध्याकाळी जागा होतो. इटलीत छोटी दुकानं सोमवारी सकाळी बंद असणं नेहमीचं. तिथे आणि पॅरिसमध्ये ऑगस्टच्या मध्यावर कितीतरी मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून गावाला जातात, दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते.

पत्ता अजून तोच आहे का

बाजार जागा बदलतात आणि जुनी माहिती वर्षानुवर्षं फिरत राहते. तोक्योचा त्सुकिजी घ्या. मासळीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला. त्सुकिजीत उरला तो बाहेरचा, किरकोळ दुकानांचा भाग. तो छानच आहे, पण टूना माशांचा लिलाव बघायचा असेल तर तोयोसूलाच जावं लागतं. दिल्लीत दर्यागंजच्या पदपथावर भरणारा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये तिथून उठला आणि जवळच्या महिला हाटात गेला.

म्हणून दोन गोष्टी करा. नकाशावरच्या अभिप्रायांत गेल्या दोन-तीन महिन्यांत टाकलेले फोटो बघा, तारांकित गुण बघू नका. छोट्या दुकानाच्या बाबतीत निघण्याच्या आदल्या दिवशी एक फोन किंवा संदेश करा: उद्या उघडं आहे का, मालक असणार का. दुसरा प्रश्न विसरू नका. कारागिराच्या दुकानात तो स्वतः नसेल तर माल दिसतो, पण त्यामागचं काम कुणी समजावून सांगत नाही.

दारापर्यंत पोचूनही चुकता येतं. पॅरिसच्या उत्तरेकडचा सेंट-वाँचा जुना बाजार शनिवार, रविवार आणि सोमवारी असतो. सोमवारी गर्दी कमी, पण उघडे गाळेही कमी. पोर्त द क्लिन्यांकूर मेट्रोतून वर आलं की आधी स्वस्त कपडे-बुटांची गर्दी लागते. पुष्कळ लोक तोच बाजार समजून नाराज होऊन परततात. वर्तुळाकार महामार्गाच्या पुलाखालून पलीकडे जा आणि रू दे रोझिए ही गल्ली धरा. व्हेर्नेझाँ, पॉल बेर, सेर्पेत, दोफीन हे छोटे-छोटे बाजार तिच्या आजूबाजूला आहेत, आणि प्रत्येकाचा माल आणि ढंग वेगळा.

किती वाजता जायचं

जुन्या वस्तूंच्या बाजारात उत्तम माल पहिल्या तासात जातो, आणि तो विकत घेणारे बहुतेक स्वतः व्यापारीच असतात. शेवटच्या तासात माल उरलासुरला, पण पुन्हा गाडीत भरायचा कंटाळा आल्यामुळे भाव नरम. एखादी नेमकी चीज हवी असेल तर उजाडताना पोचा. नुसतं हिंडायचं असेल तर संपायच्या दीड-दोन तास आधी. दुपारी बाराला दोन्ही फायदे हातचे जातात. हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळी खिशात छोटी बॅटरी असू द्या, व्यापाऱ्यांकडेही असते.

व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातला काय रांगसारखा तरंगता बाजार सूर्योदयाच्या सुमाराचा. नऊनंतर तिथे बघ्यांच्या होड्याच जास्त. स्पेनमध्ये छोटी दुकानं दुपारी साधारण दोन ते पाच बंद असतात, त्यामुळे ‘जेवून मग जाऊ’ हा बेत हमखास फसतो.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

मोठ्या बाजारात पहिला पाऊण तास काहीही घ्यायचं नाही असं ठरवून टाका. सारखा माल पाच गाळ्यांत दिसला की तो कारखान्यातून येतो हे कळतं. एकाच गाळ्यात दिसला की तिथे थांबायचं. काय आवडलं, कुठे, किती सांगितले, हे लिहून ठेवा. चतुचकमध्ये २७ विभाग आहेत आणि गल्ल्यांना क्रमांक आहेत, दोन्ही आकडे टिपले नाहीत तर तो गाळा पुन्हा सापडत नाही. मधला घड्याळाचा मनोरा ही तिथली खूण. एकमेकांपासून चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाणही तेच ठरवा.

पिशवीत एवढं असू द्या: मापाची फीत, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, छोटं लोहचुंबक, पांढरा रुमाल, घडीची कापडी पिशवी. घरातल्या ज्या जागेसाठी काही शोधताय तिची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असू द्या. गालिचा आणि आरसा नजरेने मापला की नेहमी चुकतो.

पुस्तकांची आणि कारागिरांची दुकानं

इथे रीत वेगळी. गजबजलेल्या बाजारात न विचारता वस्तू उचलून बघितली तर चालून जातं, पण छोट्या दुकानात शिरताना मालकाला त्याच्या भाषेत नमस्कार करणं हीच पहिली पायरी. फ्रान्समध्ये ‘बाँझूर’ न म्हणता आत शिरणं उद्धटपणाचं मानतात, आणि त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक उत्तरावर दिसतो.

फोटो विचारूनच. पॅरिसमध्ये नोत्र-दामसमोर, सेनच्या डाव्या काठावर १९५१ पासून चालणारं शेक्सपिअर अँड कंपनी आत फोटो काढू देत नाही. पोर्तुगालच्या पोर्तूमधल्या लेलो या १९०६ सालच्या दुकानात जायला तिकीट लागतं, ते आधी ऑनलाइन काढा. पुस्तक घेतलं की तिकिटाची रक्कम त्यात वळती होते, त्यामुळे घ्यायचं पुस्तक आधीच मनात असलेलं बरं. अमेरिकेतल्या पोर्टलंडचं पॉवेल्स नवी आणि जुनी पुस्तकं एकाच फळीवर शेजारी-शेजारी लावतं. नवी प्रत उचलण्याआधी तिच्या शेजारची जुनी बघा.

तोक्योच्या जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांची शंभराहून अधिक दुकानं आहेत. मुख्य रस्त्यावरची बरीचशी रस्त्याच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत, म्हणजे पुस्तकांवर ऊन पडत नाही. दारातल्या ढिगाऱ्यावर दुकानाची परीक्षा करू नका, जपण्यासारखा माल आत आणि वरच्या मजल्यावर असतो. रविवारी त्यातली पुष्कळ बंद असतात.

भाव आणि पैसे

आधी बघा, घासाघीस करायची जागा आहे का. किमतीची चिठ्ठी लावलेल्या दुकानात, आणि जपानमध्ये तर जवळजवळ सगळीकडे, ती करत नाहीत. जिथे करतात तिथे एक नियम पाळाच: आपण तोंडाने आकडा सांगितला आणि समोरच्याने मान्य केला की वस्तू घ्यायची. घ्यायचं नसेल तर आकडा बोलू नका. व्हिएतनाममध्ये सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने भरपूर घासाघीस करून रिकाम्या हाताने जाणं अशुभ समजतात. ‘भवानी’ हा शब्द माहीत असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. नुसती चौकशी करायची असेल तर तिथे दहानंतर जा.

भाव उतरवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एकाच दुकानातून दोन-तीन वस्तू एकत्र घेणं आणि रोख देणं. तुर्कस्तानात चहा पुढे आला तर तो पाहुणचार असतो, प्यायल्याने खरेदी बांधील होत नाही. मात्र वाटेत भेटलेला ‘मित्र’ किंवा गाडीवाला ज्या गालिच्याच्या दुकानात नेतो तिथल्या किमतीत त्याची दलाली आधीच मिळवलेली असते. आपल्या पायांनी, एकट्याने जा.

सुट्या नोटा एका खिशात, मोठ्या दुसऱ्या खिशात. कार्डाच्या यंत्राने ‘तुमच्या देशाच्या चलनात की इथल्या’ असं विचारलं तर नेहमी इथल्या चलनात म्हणा. दुसरा पर्याय निवडला की रूपांतराचा दर यंत्रामागची संस्था ठरवते आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो.

पारख

इथे घाई करू नका.

गालिचा उलटा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूलाही तितकीच स्पष्ट दिसते, आणि गाठींची रांग किंचित वाकडीतिकडी असते. कडेची झालर म्हणजे त्याच्याच उभ्या धाग्यांची टोकं. झालर वेगळी शिवलेली असेल तर माल बहुधा हाताने गाठी मारलेला नाही. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर लोकर गाठीने नव्हे, डिंकासारख्या चिकट लेपाने धरलेली आहे. काही वर्षांत लेप सुकून भुकटी गळायला लागते. पांढरा रुमाल ओला करून लाल आणि गडद निळ्या भागावर दहा सेकंद घासा, रंग उतरला तर पहिल्या धुण्यातच तो पांढऱ्या भागात पसरणार. गाठी जास्त म्हणजे गालिचा चांगला असं मात्र नाही, डोंगरी भागांतले जाड गाठींचे गालिचे शहरी बारीक विणीपेक्षा अनेकदा जास्त टिकतात.

रेशमाची आणि लोकरीची शाल अंगठीतून ओढून दाखवतात, त्याने काहीच सिद्ध होत नाही. पातळ कृत्रिम ओढणीही तशीच निघते. जाळून बघण्याची कसोटी जास्त उपयोगी, पण ती मालकालाच करायला सांगा, कडेचा एक धागा पुरतो. केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरडणारी राख म्हणजे धागा प्राण्यापासूनचा, रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोज (वनस्पतींच्या लगद्यापासून बनवलेला धागा), मग चिठ्ठीवर ‘बांबू सिल्क’ लिहिलेलं असो. रेशीम आणि लोकर एकमेकांपासून या कसोटीने वेगळे करता येत नाहीत, तिथे स्पर्श आणि चकाकीच कामाला येते.

चिनीमातीचं भांडं तळहातावर ठेवून बोटाच्या पेराने वाजवा. घंटेसारखा लांबलेला नाद म्हणजे अखंड, बद्द आवाज म्हणजे चीर, डोळ्यांना दिसत नसली तरी. कमी आचेवर भाजलेल्या पारंपरिक झिलईत शिसं असू शकतं, मेक्सिकोतल्या जुन्या पद्धतीच्या भांड्यांत ते आढळतं. खाण्यापिण्यासाठी चालेल का हे विचारा, उत्तर लेखी मिळत नसेल तर भांडं भिंतीवर किंवा फळीवरच ठेवा.

चांदीवर ९२५ चा शिक्का बघा, युरोपातल्या जुन्या चांदीवर ८०० ही सापडतो. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. नाही चिकटलं तर मात्र काही ठरत नाही, कारण पितळ आणि तांबंही चिकटत नाही. चामड्याची पिशवी उघडून अस्तरात नाक घाला. कमावणं नीट झालेलं नसेल तर बंद बॅगेत तो वास बाकी कपड्यांनाही लागतो आणि महिनोन्‌महिने जात नाही.

जुना नकाशा किंवा छापील चित्र घेताना भिंग काढा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन बोटाला लागतो. जुनं पुस्तक असेल तर चित्रांची यादी काढून चित्रं एकेक करून मोजा, नकाशे आणि चित्रं कापून वेगळी विकण्याचा प्रकार सर्रास चालतो. कुबट वास येणारं पुस्तक कितीही हवंसं वाटलं तरी परत जागेवर ठेवा, त्याची बुरशी घरातल्या बाकी पुस्तकांना लागते.

काही मालावर कायद्याने राखलेली खूण असते, तिथे पारख सोपी. हॅरिस ट्वीड या लोकरी कापडावर गोल आणि क्रॉसची ‘ऑर्ब’ मुद्रा असते. १९९३ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ते कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या माणसाने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलंच असावं लागतं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेसाठी ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ ही खूण शोधा. व्हेनिसच्या गल्ल्यांत बाहेरून आणलेली काच भरपूर विकली जाते.

कितीही आवडलं तरी घेऊ नये असं

हस्तिदंत, कासवाच्या पाठीचे कंगवे, काळं पोवळं, सापा-सुसरीच्या कातडीचे पट्टे. धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७५ पासून लागू आहे. दुकानदाराने ‘कागद आहेत’ म्हटलं तरी परवाना दोन्ही देशांच्या नियमांत बसावा लागतो. शहातूश शालीसाठी तिबेटी चिरू हा हरणासारखा प्राणी मारावा लागतो, ती कुठेही घेऊ नका.

पुरावस्तूंचे नियम देशागणिक बदलतात. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो. भारतातून १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं खासगी माणसाला बाहेर नेता येत नाहीत. तुर्कस्तानात पुरावस्तूंची निर्यात गुन्हा आहे; जुना गालिचा घेतलात तर तो पुरावस्तू नसल्याचा संग्रहालयाचा दाखला दुकानदाराकडून मागून घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरणार असाल तर लाकूड, गवत, बिया, पिसं यांपासून बनवलेली प्रत्येक वस्तू जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू तपासून बहुधा परत मिळते, लपवलेलीवर दंड बसतो.

घरापर्यंत

बिलावर वस्तूचं वर्णन, कशाची आहे, वजन किंवा माप आणि दुकानाचा शिक्का हवा. युरोपीय संघात बाहेरच्या प्रवाशाला कर परत मिळतो, पण माल खरेदीच्या महिन्यानंतरचा तिसरा महिना संपण्याआधी बाहेर न्यावा लागतो आणि कागदावर शिक्का संघातून बाहेर पडतानाच्या शेवटच्या विमानतळावर होतो. त्यामुळे माल हाताशी ठेवा, आधीच सामानात देऊन टाकू नका. पथारीवाल्याकडून हे कागद मिळत नाहीत. ग्रेट ब्रिटनमध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून दुकानातल्या खरेदीवर ही सोयच नाही.

कुरियरने पाठवताना वजन दोन प्रकारे मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर त्याचे पैसे घेतात. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं आत टोपली असली तरी ७.२ किलोचं धरलं जातं. म्हणून हलक्या, फुगीर वस्तू स्वतः न्या आणि पुस्तकं पाठवा. मोठ्या बांधणीची दहा पुस्तकं सहज सहा-सात किलो होतात. चिनीमातीला खोक्यात खोकं लागतं, दोन्हींच्या मध्ये सगळीकडून किमान पाच सेंटिमीटर भरण. दुकान गालिचा पाठवणार असेल तर त्याच्या पाठीवर कोपऱ्यात आपली सही करा आणि फोटो काढा. दुसराच गालिचा आल्याची तक्रार सहीशिवाय टिकत नाही. अत्तर, तेल, पाणी भरलेले शोभेचे काचगोळे हातातल्या सामानात बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलिटरच्या वर चालत नाहीत.

घरी पोचल्यावर जुनी लोकर किंवा लाकडी वस्तू लगेच कपाटात ठेवू नका. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. लोकरीची शाल किंवा छोटा गालिचा प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, म्हणजे कसरीची अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर प्लास्टिक चोवीस तास तसंच राहू द्या. लगेच उघडलंत तर थंड लोकरीवर दव धरतं आणि डाग पडतात.